मोर्शीकडची रीत

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते. अकोल्यात बालकल्याण समितीच्या व्हरांड्यात एका बाकावर मी आणि पायल बसलो होतो. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. डोक्यावरचा पंखा वारा कमी नि आवाज जास्त देत होता, आणि कुंदाचा पत्ता नव्हता. अमरावतीहून सकाळच्या एसटीनं निघतो म्हणाली होती. केस तिची, समितीपुढे बोलणार ती, मी आपली सोबतीला. फोन लावून लावून माझं बोट दुखायला लागलं. शेवटी तिच्याच नंबरवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या खेकसले, "कुठं मेलीस गं?" पलीकडे तिचे यजमान होते, अरुणभाऊ. म्हणाले, "ताई, कुंदा गेली... सकाळी निघून राहिली होती. चप्पल घालाले वाकली, ते उठलीच नाई."

चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना असंच बोलत आलो. कुठं मेलीस, कुठं उलथलीस, जळो तुझं तोंड. वऱ्हाडात प्रेमाची भाषा हीच. पण ते वाक्य त्या दिवशी त्या माणसाच्या कानात जायला नको होतं. असो.

पायलला मी लगेच सांगितलं नाही. आत बोलावलं तेव्हा आत गेले, मॅडम आज येऊ शकत नाहीत म्हटलं. समितीच्या बाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, घरातलं कोणी मोठं माणूस आलंय का. कोणी आलं नव्हतं. त्यांनी पुढची तारीख दिली आणि बजावलं, "त्या वेळी कोणी मोठं उभं राहिलं नाही तर बाळाचा दुसरा विचार करावा लागेल." त्यांचंही काही चुकत नव्हतं. बाहेर आल्यावर मी पायलला सांगितलं, कुंदामावशी गेल्या. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली नि म्हणाली, "मंग आता माह्या लेकराचं?" मला अस्सा राग आला! बाई तुझ्यासाठी एसटीचे धक्के खाऊन खाऊन मेली, आणि तुला... पण एकोणीस वर्षांची पोर ती. तिनं तरी दुसरं काय विचारायचं होतं? कुंदाला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबर इचारलं पोरीनं. मग पायल तिथंच पायरीवर बसून रडली. मी तिच्या शेजारी बसले. मला रडू आलं नाही. फार थकले होते.

आमचं काम काय, हे लोकांना सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. नातेवाईक विचारतात, "म्हणजे तुम्ही अनाथाश्रम चालवता का?" नाही हो. अठरा-वीस वर्षांची पोरं-पोरी पळून जातात, लग्न करतात, घरचे दार लावून घेतात, वर्षाच्या आत मांडीवर लेकरू. त्यांना कोणी सांगणारं नसतं की बाळ रात्रभर रडतं ते तुझा सूड घ्यायला नाही रडत. अशा कोवळ्या आईबापांच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, लस दिली का बघायचं, नवरा मारतो का विचारायचं, सासूचे टोमणे ऐकून घ्यायचे, आणि बाळ आईपासून तुटू नये म्हणून जमेल ते करायचं. जमतं थोडं, फसतं पुष्कळ. आज जिला हसताना सोडून आलो ती महिन्याभरात फोन बंद करून कुठल्या कुठे गेलेली असते. मी अकोल्याची बाजू बघायची, कुंदा अमरावतीची. पण संस्थेत माणसं कायमच कमी, म्हणून दोघींच्या केसेस एकमेकींच्या गळ्यात. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं आम्ही रोज म्हणायचो आणि ते घोडं घेऊन निघायचो.

कुंदा मोर्शीकडची. संत्र्याच्या बागेतली पोर. समाजकार्याच्या कॉलेजात आम्ही दोघी अमरावतीला एका खोलीत राहिलो. मी अभ्यास करायची, ती झोपायची, आणि परीक्षेत तिला माझ्याहून जास्त मार्क पडायचे. पहिल्याच आठवड्यात वॉर्डनबाईंना तिनं सांगितलं होतं की तिच्या आजीला एकादशी सोसत नाही म्हणून ती नातीनं धरायची असते, आणि त्यासाठी खोलीत शेगडी लागते. बाईंनी शेगडीला परवानगी दिली. आम्ही वर्षभर तिच्यावर पोहे केले. मला खोटं बोलता येत नाही. हा काही मोठेपणा नाही, माझा चेहराच तसा आहे, आतलं सगळं बाहेर दिसतं. कुंदा मात्र खोटं बोलताना जास्तच खरी दिसायची. त्यावरून आमची जन्मभर भांडणं. "तू बोलून मोकळी होतेस, निस्तरावं मला लागतं," हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल! ती म्हणायची, "नलू, तू खरं बोल, म्या लबाडी करतो. दोन बैल एकाच बाजूनं जुपले त गाडी चालन का?"

कामात तिची एक पद्धत होती, आणि ती मला पटायला फार वर्षं लागली. गृहभेटीला गेली की ती बाळ हातात घ्यायचीच नाही. आम्ही बाकीच्या बाया दारातूनच हात पुढे करायचो, ये गं माझी सोनी ती, म्हणून. कुंदा हात मागे बांधून बसायची. लोकांना ती कोरडी वाटायची. एकदा बडनेऱ्याला एका खोलीत गेलो, तर बाळ रडून रडून निळं पडायला आलेलं, आई भिंतीला डोकं टेकून बसलेली, आणि बाप, जेमतेम मिसरूड फुटलेला, मोबाइलमध्ये तोंड खुपसून. मी पुढे झाले तशी कुंदानं माझा हात धरला. त्या पोराला म्हणाली, "अरे बापा, मोबाइल ठेव. ते पोट्टं घे. तुयं हाय." तो म्हणे, "मले नाई जमत काकू." "मले तरी कुठं जमत होतं? घे. मान धर. हां. आता फिर." तो त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारत राहिला, घामानं निथळत. पाव तास गेला असेल, बाळ त्याच्या खांद्यावर झोपलं. त्याचा चेहरा काय झाला होता, सांगू! बाहेर पडल्यावर मी चिडले, तोवर लेकराचा जीव गेला असता तर? ती म्हणाली, "आपल्या हातात शांत झालं असतं ना, त त्या दोघायले वाटलं असतं, परक्या बाईकडे राहते अन् आपल्याकडे नाई राहत. मंग तिसऱ्या दिवशी टाकलंच असतं त्यायनं." पुढे मीही हात मागे बांधायला लागले.

पायलची केस अशी. पातूरच्या बाजूचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. वडील महादेवराव, फुलं आणि भाजी पिकवणारे. झेंडू, शेवंती, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे माल घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे. पायल बारावी झाली आणि दुसऱ्या समाजातल्या विशालबरोबर निघून गेली. दोघं अकोल्यात एका टिनाच्या खोलीत राहू लागले. मुलगी झाली. विशालला गॅरेजवरून काढलं, तो पुण्याकडे कंपनीत कामाला गेला. जातो नि महिन्यात तुम्हाला नेतो, म्हणाला. इकडे पायल एकटी. एका मेसवर पोळ्या लाटायचं काम मिळालं, पण लेकरू आणू नका म्हणाले. तिनं बाळाला दूध पाजून झोपवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि कामाला गेली. उन्हाळा, टिनाची खोली, आणि त्या दिवशी मेसवर माणसं जास्त. शेजाऱ्यांनी रडणं ऐकून कुलूप तोडलं. बाळ दवाखान्यात, तिथून शिशुगृहात. जगली पोरगी, नशीब. मी स्पष्ट सांगते, मी या केसमध्ये पायलच्या बाजूची नव्हते. कुलूप लावणारी आई चांगली असेलही, पण लेकराला चांगली आई नाही, जिवंत राहणं आधी पाहिजे. कुंदा म्हणाली, "कुलूप काहून लावलं, इचारलं तू तिले? उघडं ठेवलं असतं त कुत्रे शिरले असते. बंद केलं त गरमीनं मरत होतं. त्या पोरीपाशी तिसरं दार होतंच कुठं?"

ते तिसरं दार म्हणजे घरातलं कोणी मोठं माणूस. समितीलाही तेच हवं होतं. कोणी वडीलधारं जबाबदारी घेतंय का, बाळ त्या घरात राहील का. विशालचे आईवडील नव्हते. म्हणून आम्ही दोघी पायलच्या माहेरी गेलो, पातूरपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो. घरात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर पायलचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो, फोटोला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. महादेवरावांनी पोरीची तेरवी केली होती. डोकं भादरून, गावजेवण घालून, रीतसर. जिवंत पोरीची! पायलची आई चंद्रकलाबाई पाणी घेऊन आल्या नि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. महादेवराव म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी मेली. गावानं जेवण जेवलं तिचं. आता कोन्या तोंडानं सांगू का जित्ती हाय म्हनून? गाव थुंकन माह्यावर." माणूस दुष्ट नव्हता हो. संतापात एक करून बसला होता आणि आता त्यालाच त्यातून बाहेर यायला वाट नव्हती. गावच जेवून गेलं होतं ना, ते जेवण परत कसं घेणार!

मी कायद्याचं बोलायला सुरुवात केली. कुंदानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती त्या फोटोकडे बघत होती. मग चंद्रकलाबाईंना म्हणाली, "माय, हार ताजा हाय." त्या खाली बघायला लागल्या. "रोज घालता?" त्यांनी पदर तोंडाला लावला. महादेवराव दुसरीकडे बघू लागले. रोज पहाटे फुलं तोडून बाजारात न्यायच्या आधी त्यातलीच चार पोरीच्या फोटोला, आणि ते नवऱ्याला ठाऊक... कुंदा खुर्चीत पुढे सरकली. आता ही काहीतरी काढणार, हे मला कळलं.

"भाऊ," ती म्हणाली, "आमच्या मोर्शीकडे एक रीत हाय. जित्या मानसाची तेरवी झाली, अन् ते मानूस दारात परत आलं, त त्याले तसंच घरात घेत नाईत. आंधी त्याचं बारसं करतात. पाळण्यापाशी बसवतात, आत्या कानात नाव सांगते, बाया पाळना म्हनतात. झालं. मानूस नव्यानं जनमलं. जुनं मेलं ते मेलंच. तुमची तेरवी खोटी नाई होत, अन् गावाचं जेवन बी वाया नाई जात."

महादेवराव म्हणाले, "नवीन जनमली, म्हंजे तिचं लगन बी मिटलं म्हना?"

"हे पाहा, तेरवीनं नवरा सुटत असता ना भाऊ, त आमी साऱ्या बायायनं कधीच करून घेतली असती."

चंद्रकलाबाई हसल्या. पदराआड, पण हसल्या. त्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं असेल देव जाणे. महादेवरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "इचार करतो."

परतीच्या एसटीत मी कुंदाला विचारलं, "खरंच आहे का गं तुमच्याकडे अशी रीत?" ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. "नाई." मी कपाळावर हात मारला. "अगं कुंदे, उद्या कोणी मोर्शीत जाऊन विचारलं तर?" "अन् जित्या पोरीची तेरवी करायची रीत कोन्या पोथीत हाय? त्यानं एक काढली, म्या एक काढली. फिटमफाट." "पण हे खोटं आहे." "हो," ती म्हणाली, "खोटंच हाय," आणि झोपली. तोंड उघडं टाकून, पर्स पोटाशी धरून. अलीकडे ती अशीच कुठेही झोपायची. एसटीत, समितीच्या बाकावर, एकदा तर एका सासूशी बोलता बोलता. पाय सुजलेले असायचे. रक्तदाबाची गोळी पर्समध्ये असायची आणि पर्समध्येच राहायची. डॉक्टरकडे चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एवढी पायलची केस बंद होऊ दे, मंग जातो." त्याआधी दुसऱ्या कोणाची केस बंद व्हायची होती, त्याआधी तिसरीची. आमच्या कामात केस बंद होते ती फक्त कागदावर. हे तिला ठाऊक नव्हतं का? पुरतं ठाऊक होतं. मला तिचा राग अजून आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. आपण सगळ्यांच्या लेकरांचं वजन, लसी, जेवणं बघत फिरायचं नि स्वतःची एक गोळी गिळायची नाही, याला मी त्याग वगैरे म्हणणार नाही. मूर्खपणा म्हणते.

तिच्या तेरवीला अमरावतीला गेले. खरीखुरी तेरवी. जेवण चांगलं होतं, वाढणारे आग्रह करत होते, माझं पान तसंच होतं. अरुणभाऊ माझ्या पानाशी आले नि म्हणाले, "खा ताई, ते असती त तुमच्या पानातलं उचलून खाल्लं असतं." तिथून परत येताना मी मनाशी ठरवलं. कुंदाची रीत कुंदाबरोबर गेली. आपण आपल्या मार्गानं जाऊ. पायलला एखाद्या महिला आधारगृहात जागा बघायची, बाळ तिच्याबरोबर ठेवता येईल का ते समितीला विचारायचं. लांबचा रस्ता, पण सरळ. दोन-चार ठिकाणी फोनही केले. कुठे जागा नव्हती, कुठे एवढं लहान बाळ घेत नव्हते. तारीख जवळ येत होती. पायल रोज फोन करायची आणि मी रोज तिला "बघते" म्हणायची. खरं बोलणाऱ्या माणसाकडे एवढंच असतं बघा, बघते.

आणि मग महादेवरावांचा फोन आला. "मॅडम, एक डाव येऊन जाता का?"

गेले. ते शेतात होते, विहिरीच्या बाजूला झेंडूच्या पट्ट्यात फुलं तोडत. मला बांधावर बसायला पोतं टाकून दिलं, पण स्वतः तोडतच राहिले. बोलले तेही फुलांकडे बघूनच. "त्या बाई गेल्या म्हने. वाईट झालं." मी हो म्हटलं. "गेल्या त्याच्या आंधल्या दिवशी फोन केल्ता त्यायनं मले. उद्या अकोल्याले या म्हने. म्या म्हटलं, बाई, तुमची ते रीत खरी कशावरून? त म्हने, माह्यावर भरोसा नसंल त नलूताईले इचारा. ते बाई मेली तरी खोटं बोलत नाई." आता ते उभे राहिले. मूठभर फुलं तशीच हातात. "म्हनून तुमाले बलावलं. तुमी सांगा. हाय का अशी रीत मोर्शीकडे?"

काय म्हणू कुंदाला? जन्मभर मी जिला निस्तरायला लावतेस म्हणून बोलले, ती जाता जाता सगळ्यात मोठं निस्तरणं माझ्या नावावर करून गेली. माझ्याच खरेपणाचा जामीन ठेवून! मी बांधावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे शिशुगृहातलं ते लेकरू होतं, शिफ्ट बदलेल तसं दुसऱ्या सेविकेच्या हातात जाणारं, कोणाकडेही बघून हसणारं. खरं बोलले असते तर माझी मान ताठ राहिली असती, नि ते लेकरू तिथंच राहिलं असतं. दुसऱ्या विचाराला माझ्यापाशी वेळ नव्हता.

"हाय," मी म्हटलं. "म्या सोता पाह्यलं हाय. कुंदाच्याच घरी, तिच्या चुलत बहिणीचं."

चुलत बहीण कुठून आली, मला आजही माहीत नाही. महादेवरावांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. माझा चेहरा कसा आहे ते मी वर सांगितलंच आहे. त्यांना कळलं असणार. मला तर वाटतं त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं, त्यांना फक्त कोणीतरी 'हाय' म्हणणारं हवं होतं. त्यांनी हातातली फुलं टोपलीत टाकली नि म्हणाले, "मंग करून टाकू."

बारसं झालं. पायलला मी अकोल्याहून घेऊन गेले. ती दाराबाहेर ऑटोतच बसून राहिली, उतरेना. आतमध्ये चंद्रकलाबाईंनी शेजारच्या घरातून पाळणा आणला होता, चार-पाच बाया जमल्या होत्या, घुगऱ्या शिजवल्या होत्या. भिंतीवरचा फोटो काढला होता, तिथं भिंतीचा रंग वेगळा दिसत होता. सगळं तयार झालं आणि महादेवरावांची बहीण, पायलची आत्या, एकदम म्हणाली, "अवो, पन पाळन्यात काय ठेवाचं? पोरगी त एवढी मोठी. रिकामा पाळना हलवू नाई, अपशकुन होते." सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. कुंदानं हे काही सांगितलेलं नव्हतं! महादेवराव ओट्यावर उभे होते, तेही थांबले. आता हे सगळं इथं अडतंय की काय... मग माझ्याच तोंडून निघालं, "वरवंटा ठेवतात. टोपरं घालून." कोणाच्याही बारशात लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा जातोच, तेवढंच मला त्या क्षणी आठवलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि त्यातली एक म्हातारी, बोळकं तोंड, हळूच म्हणाली, "हो वो. माही आजी सांगे. वरवंटाच ठेवत होते पयले."

मी पदरानं तोंड पुसलं.

वरवंट्याला टोपरं घातलं. चंद्रकलाबाई स्वतः जाऊन पायलचा हात धरून घेऊन आल्या. आत्यानं विचारलं, नाव कोणतं? चंद्रकलाबाई म्हणाल्या, "जे हाय तेच." आत्या पायलच्या कानाशी वाकली, कुर्रर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धबाधब बुक्के मारले, जरा जास्तच जोरात, आणि पायल जी रडायला लागली ती थांबेचना. महादेवराव आत आले नाहीत. पण थोड्या वेळानं ओट्यावरूनच ओरडले, "पोरीले घुगऱ्या द्या कोनी. पाहत काय बसल्या?" तेव्हा मी मागच्या अंगणात गेले, मोरीपाशी बसले आणि कुंदासाठी पहिल्यांदा रडले. चांगली मोठ्यानं रडले. ती असती तर म्हणाली असती, नलू, तू लबाडी केली त्याचं रडतं का माह्यं?

पुढच्या तारखेला महादेवराव समितीपुढे उभे राहिले. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. पोरगी नि नात आपल्या घरी राहतील, म्हणाले. विशालही पुण्याहून आला होता, कोपऱ्यात उभा होता. सासऱ्यानं त्याच्याकडे बघितलं नाही, पण येताना ऑटोत जागा मात्र दिली. बाळ घरी गेलं. अटी आहेत, भेटी आहेत, मला दर महिन्याला जाऊन बघायचं आहे. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पायल आणि तिच्या आईचं रोज वाजतं, विशालचा फोन कधी लागतो कधी लागत नाही. अशी घरं मी खूप पाहिली आहेत. चालतील तोवर चालतील.

मागच्या आठवड्यात पहिल्या भेटीला गेले. पायल लेकराला न्हाऊ घालत होती. मी हात मागे बांधून बसले. चहा झाला, लसीचं कार्ड बघितलं, आणि निघाले तर दारात एक बाई उभी. लांबच्या गावची, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तीन एसट्या बदलून आले म्हणाली. तिच्या दिराच्या पोरीचं असंच झालं होतं. घरच्यांनी तेरवी केली, आता वर्ष झालं. पोरीला दिवस गेलेत असं कानावर आलंय. ती जरा आजूबाजूला बघून, आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, ते जुनी रीत हाय म्हने ना, वरवंट्याची? आमच्यात चालते का?"

उन्हानं माझं डोकं ठणकत होतं, शेवटची एसटी चुकणार हे दिसत होतं. मी परत आत येऊन बसले.

"चालते," मी म्हटलं. "पोरगी कुठं हाय, ते सांगा पयले."